दुकानातली चोरी पकडायची कशी? सिक्युरिटीत नव्याने आलेल्यांसाठी

नव्या गार्डला पहिल्या आठवड्यात एकच घाई असते, कुणाला तरी पकडून दाखवायची. ही घाई ड्युटीवर येताना घरीच ठेवून या. सुटलेला चोर दुकानाला एका वस्तूला पडतो. चुकून अडवलेलं गिऱ्हाईक भरपाईचा दावा, बदनामी आणि बहुतेक वेळा गार्डची नोकरी, एवढ्याला पडतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची वेळ या धंद्यात कुठल्याही शिफ्टला येऊ शकते. त्यामुळे पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर स्वतःला एकच प्रश्न विचारत चला: हे मी डोळ्यांनी पाहिलं, की मला तसं वाटलं?

आधी तूट समजून घ्या

वहीत किंवा कॉम्प्युटरवर दिसणारा साठा आणि प्रत्यक्ष मोजलेला साठा यांच्यातल्या फरकाला तूट म्हणतात. कंपनीच्या मीटिंगमध्ये याचंच नाव श्रिंकेज. नव्या माणसाला वाटतं, तूट म्हणजे चोरी. अमेरिकेतल्या नॅशनल रिटेल फेडरेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तुटीतला सुमारे ३६ टक्के वाटा बाहेरच्यांच्या चोरीचा, २९ टक्के कर्मचाऱ्यांच्या चोरीचा आणि २७ टक्के चुका व ढिसाळ कामकाजाचा निघाला. आकडे एका देशाचे आहेत आणि दुकानदारांनीच भरून दिलेले आहेत, त्यामुळे तुमच्या दुकानाला ते जसेच्या तसे लावू नका. पण त्यातून एक गोष्ट घ्या. चलनावर दहा नग आणि खोक्यात नऊ, फुटलेला माल न लिहिता फेकला, एका बारकोडवर दुसरीच वस्तू विकली, एकच माल दोनदा चढवला, अशा कितीतरी वाटांनी माल कागदावरून गायब होतो आणि त्यात कुणाचाही हात खिशात गेलेला नसतो. शेल्फवर तीन नग कमी आहेत, एवढ्यावरून कुणाकडेही बोट दाखवायचं नाही.

पहिली पायरी: दुकान पाठ करा

पहिल्या काही ड्युट्यांत चोर शोधूच नका. गर्दी नसताना एका सहकाऱ्याला सगळ्या रॅकांमधून सावकाश फिरायला सांगा आणि तुम्ही मॉनिटरसमोर बसा. तो कुठे दिसेनासा होतो ते कागदावर मांडा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचं डोकं दिसतं पण हात दिसत नाहीत, अशा जागा मांडा. हात दिसत नसतील तर तो आंधळा कोपराच, चेहरा कितीही स्वच्छ दिसो. चोरही हाच नकाशा काढत असतो, फक्त मॉनिटरशिवाय.

मग मालाकडे वळा. रोनाल्ड क्लार्क या गुन्हेगारीशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये चोरांना आवडणाऱ्या वस्तूंचे सहा गुण मांडले: लपवता येणारी, सहज हलवता येणारी, हाताशी असलेली, किमती, हौसेने वापरली जाणारी आणि पटकन विकून टाकता येणारी. तुमच्या दुकानातल्या मालाला या सहा कसोट्या लावून बघा. सगळ्यात महागडी वस्तू बहुतेकदा यादीत येतच नाही, कारण मोठा टीव्ही कुणी शर्टाखाली घालून नेत नाही. दाढीची ब्लेड, परफ्यूम, इअरफोन, मेमरी कार्ड मात्र हटकून येतात.

या मोजक्या रॅकांची मोजणी दिवसातून दोन-तीनदा करून घ्या. कंटाळवाणं काम आहे आणि फ्लोअरचे लोक कुरकुर करतात, पण त्याचा फायदा नंतर कळतो. मोजणी महिन्यातून एकदा झाली तर तूट कधी पडली हे शोधायला महिनाभराचं फुटेज चाळावं लागतं. दिवसातून तीनदा झाली तर चार-पाच तासांचं पुरतं.

फिरताना खालीही बघत चला. फाडलेला टॅग, रिकामं पाकीट, कोपऱ्यात खोचलेला सुटा हँगर सापडला की उचलून लगेच कचऱ्यात टाकू नका. कुठे सापडला, किती वाजता, कुठल्या मालाचा, हे लिहून ठेवा. अशा पाच-सहा नोंदी झाल्या की चोर आपली कामाची जागा स्वतःच सांगून टाकतो.

दुसरी पायरी: चेहरा सोडा, वागणं बघा

मेरी ओवेन कॅमेरॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी शिकागोमधल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या नोंदी अभ्यासून १९६४ मध्ये जे मांडलं, ते फ्लोअरवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. विकण्यासाठी चोरणारे सराईत लोक संख्येने थोडे असतात. पकडले जाणारे बहुतेक साधे, एरवी कायद्याने वागणारे, स्वतःच्या वापरासाठी वस्तू उचलणारे असतात. म्हणजे चोरासारखा दिसणारा माणूस शोधण्याला काही अर्थच नाही. कुणाचे कपडे, भाषा, रंग किंवा पेहराव बघून मागे लागलात, तर निरपराध माणसाचा अपमान होतोच, शिवाय तुमच्या पाठीमागे नीटनेटक्या कपड्यांतला माणूस निवांत बॅग भरत असतो.

मग बघायचं काय? गिऱ्हाइकाची नजर मालावर असते आणि चोरी करायला आलेल्याची माणसांवर. हात वस्तूवर आहे, पण डोळे कॅमेऱ्यावर, सेल्समनवर, दारावर फिरताहेत. किंमत आणि साइज न बघताच एका वस्तूचे चार नग उचलले. बॅगेची चेन आधीपासून उघडी आहे आणि बॅग रिकामी असल्याने लोंबते आहे. ट्रॉलीतल्या मालावर जाकीट पांघरलं आहे. एकच वस्तू उचलून माणूस ती दुसऱ्याच विभागात घेऊन जातो, जिथे तिचं काही काम नाही.

टोळीची पद्धत वेगळी. एक जण सेल्समनला प्रश्नांत गुंतवतो, दुसरा अंगाचा आडोसा धरतो, तिसरा हात मारतो. दुकानात अचानक भांडण झालं, कुणी बाटली फोडली, कुणाला भोवळ आली, तर एका गार्डने तिकडे धावावं आणि दुसऱ्याने मुद्दाम उलट्या बाजूला नजर ठेवावी.

ही लक्षणं दिसली म्हणून चोरी झाली असं होत नाही. कुणी कॅमेऱ्याकडे बघतो कारण त्याला कॅमेऱ्याचा संकोच वाटतो, कुणी दाराकडे बघतो कारण बायको यायची आहे. लक्षणांमुळे तुम्हाला फक्त बघत राहायचं कारण मिळतं, आणि जवळ जाऊन “काही शोधताय का? मदत करू?” असं विचारायचं. माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात धारदार हत्यार हेच वाक्य. खऱ्या गिऱ्हाइकाला बरं वाटतं, दुसऱ्याला कळतं की आपल्यावर नजर आहे आणि तो वस्तू ठेवून निघतो. अडचण एवढीच, की न झालेली चोरी कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही. त्यामुळे वरच्या साहेबांना ती दिसत नाही आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये “या महिन्यात पकडले किती?” एवढंच विचारलं जातं.

तिसरी पायरी: साखळी पूर्ण झाल्याशिवाय हलू नका

जगभरच्या प्रशिक्षणात थोड्याफार फरकाने शिकवली जाणारी साखळी सहा कड्यांची आहे. माणूस मालापाशी येताना दिसला पाहिजे, म्हणजे वस्तू त्याने बाहेरून आणलेली नाही हे पक्कं होतं. त्याने दुकानातली वस्तू उचलताना दिसलं पाहिजे. ती लपवताना किंवा घेऊन निघताना दिसलं पाहिजे. त्या क्षणापासून नजर तुटता कामा नये. त्याने पैसे दिलेले नाहीत हे माहीत हवं. आणि तो शेवटचा काउंटर ओलांडून दाराबाहेर पडला पाहिजे.

यातली चौथी कडी सगळ्यात जास्त वेळा तुटते. समजा, परफ्यूमच्या रॅकपाशी एक माणूस रिकाम्या हाताने आला. तुम्ही पाहिलं. त्याने खोकं उचललं, खांद्यावरची बॅग पुढे ओढली, खोकं आत गेलं. तेही पाहिलं. मग तो खांबामागे वळला आणि पाच सेकंदांत पलीकडून बाहेर आला. बॅग तशीच, चालही तशीच. आता खोकं बॅगेत आहे का? तुम्ही म्हणाल, जाणार कुठे? खांबामागच्या शेल्फवर, टॉवेलच्या घडीखाली. तुम्हाला बघून तो घाबरला असेल आणि टाकून मोकळा झाला असेल. तिथे साथीदार उभा असेल. काही सराईत तर हा डाव ठरवूनच खेळतात. गार्डला लपवताना दिसू द्यायचं, वस्तू हळूच टाकायची आणि दारात अडवलं की रिकामी बॅग उलटी करून आकाशपाताळ एक करायचं. चोराच्या उलट्या बोंबा इथे भरपाईच्या नोटिशीपर्यंत जातात.

म्हणून नजर तुटली की जाऊ द्या. अपवाद एकच, कंट्रोल रूममधल्या माणसाने तेवढे पाच सेकंद दुसऱ्या कॅमेऱ्यावर सलग पाहिले असतील आणि तो माणूस दारापर्यंत जायच्या आत तुम्हाला तसं सांगत असेल. “असणारच, सर” हे सांगणं झालं नाही. “खोकं बॅगेतच आहे, खांबामागे हात बॅगेत गेला नाही” हे झालं. तो गेल्यावर शेल्फ तपासा, खोकं सापडलं का ते लिहा आणि माणसाचं वर्णन पुढच्या शिफ्टला द्या.

शेवटची कडी, म्हणजे दाराबाहेर जाऊ देणं, नव्या गार्डला जड जाते. वस्तू डोळ्यांसमोर चालली आहे आणि आपण बघत उभे आहोत. काही ठिकाणच्या कायद्यात लपवणं पुरेसं धरतात हे खरं. पण आत अडवलेल्या प्रत्येकाकडे एक तयार उत्तर असतं, “पैसे देणारच होतो.” दाराबाहेर ते चालत नाही.

ट्रायल रूमचा वेगळा नियम लक्षात ठेवा. कपडे मोजून आत द्या आणि मोजून परत घ्या. सहा गेले आणि पाच आले तर आधी आतला हुक, बाकडं, बाकड्याखालची जागा बघा, शेजारच्या केबिनमध्ये तर दिलेला नाही ना ते विचारा. एवढं करूनही नुसत्या आकड्यावर कुणाला अडवता येत नाही. आणि केबिनच्या आत डोकावणं, फटीतून बघणं, कॅमेरा लावणं हे कुठल्याही कारणासाठी करायचं नाही. कुणी सांगितलं तरी नाही.

गेट वाजलं तर?

गेट म्हणजे दाराशी उभे असलेले खांब, मालावरचा टॅग त्यांच्यामधून गेला की ते वाजतात. त्यांचे मुख्य दोन प्रकार आहेत. एका प्रकारात टॅगमधली धातूची पातळ पट्टी ५८ किलोहर्ट्झला थरथरते आणि गेट ती थरथर ऐकतं. दुसऱ्या प्रकारात स्टिकरमध्ये छोटं सर्किट असतं आणि ते बहुधा ८.२ मेगाहर्ट्झच्या आसपास प्रतिसाद देतं. काउंटरवरच्या पॅडवर घासल्यावर पहिल्या प्रकारातलं चुंबकत्व काढलं जातं आणि दुसऱ्या प्रकारातलं सर्किट निकामी होतं. कॅशियर घाईत असला की हे घासणं नीट होत नाही आणि पैसे दिलेलं गिऱ्हाईकही गेट वाजवतं. दुसऱ्या दुकानातला जिवंत राहिलेला टॅग वाजतो. कधी दाराजवळच ठेवलेल्या टॅगच्या मालामुळेही वाजतं.

उलट, आतून फॉइल लावलेली पिशवी गेटमधून शांतपणे निघून जाते. म्हणजे वाजलं म्हणून चोर असं ठरत नाही, आणि नाही वाजलं म्हणून साव असंही ठरत नाही. वाजल्यावर म्हणायचं ते एवढंच, “माफ करा, आमच्याकडून टॅग काढायचा राहिला असेल, बिल बघू का?” चूक दुकानाच्या पदरात घ्या. बहुतेक वेळा ती दुकानाचीच असते.

चौथी पायरी: अडवणं

साखळी पूर्ण आहे. आता एकट्याने जाऊ नका. दोघे हवेत, एक बोलणारा आणि एक बघणारा. समोर बाई असेल तर दोघांतली एक महिला असावी. दारापासून चार पावलं बाहेर, मोकळ्या जागी, बाजूने समोर या. मागून खांद्यावर हात टाकू नका. वाट अडवून छातीला छाती भिडवू नका. समोरच्याच्या हातांवर नजर असू द्या.

शब्द आधीच पाठ असलेले बरे, कारण त्या वेळी आपलीही छाती धडधडत असते. “नमस्कार, मी दुकानाच्या सिक्युरिटीचा. आपल्याकडे बिल न झालेली एक वस्तू राहिली आहे. आत येऊन बोलू या.” चोर हा शब्द नाही, आवाज चढा नाही, आजूबाजूच्या दहा जणांना ऐकू जाईल असं काही नाही. वस्तू नेमकी कोणती आणि कुठे आहे हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. “बॅग दाखवा” असं मोघम म्हणावं लागत असेल, तर मुळात अडवायलाच नको होतं.

आत नेताना एक पुढे आणि एक मागे. हे शोभेसाठी नाही. वाटेत वस्तू कुठे तरी सरकवली जाते आणि खोलीत पोचेपर्यंत मुद्देमाल नाहीसा होतो. खोलीचं दार बाहेरून कडी लावून बंद करू नका. पाणी विचारा. वस्तू मागा, त्याला स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवू द्या. तुम्ही खिशात हात घालायचा नाही.

पळाला तर? वस्तू टाकून पळाला तर काम झालं. वस्तू घेऊन पळाला तर गाडीचा नंबर, दिशा, कपडे बघा आणि पोलिसांना कळवा. रस्त्यावर वाहनांमधून पाठलाग करून कुणी गाडीखाली आलं, तर ते ओझं कुणाच्याच खांद्याला पेलणार नाही. हातात चाकू, फुटलेली बाटली, सिरिंज, काहीही दिसलं की मागे हटायचं. लाज कसली?

गार्डला अधिकार किती, हे देशागणिक बदलतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत दुकानदाराला वाजवी कारणावरून, वाजवी वेळेपुरतं माणसाला थांबवून ठेवता येतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८४ च्या पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स कायद्याचं कलम २४-अ सामान्य नागरिकाला अटकेची मुभा देतं, पण अटी घालून. भारतात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार खासगी व्यक्ती, घोषित गुन्हेगार सोडला तर, फक्त आपल्यासमोर घडलेल्या दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) गुन्ह्यासाठी कुणाला पकडू शकते, आणि विनाकारण उशीर न लावता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. किरकोळ किमतीची वस्तू असेल तर या अटी पूर्ण होतीलच असं नाही. तुमच्या ठिकाणचा नियम कंपनीकडून लेखी मागून घ्या. वर्दी पोलिसासारखी दिसते म्हणून अधिकार पोलिसाचे होत नाहीत.

काही गोष्टी मात्र कुठेच करायच्या नाहीत. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, कान धरून उभं करणं नाही. “इतके पैसे दे, सोडतो” नाही, तो स्वतःच एक गुन्हा होऊन बसतो. फोटो काढून ग्रुपवर टाकणं किंवा भिंतीवर चिकटवणं नाही. लहान मूल असेल तर पालकांना बोलवा आणि पालक येईपर्यंत चौकशी करू नका. म्हातारं माणूस गोंधळलेलं, कुठे आहोत हेच न कळणारं वाटलं, तर तो चोरीचा विषय नाही. घरच्यांचा नंबर शोधा, खुर्ची द्या. पोलिसांत द्यायचं की समज देऊन सोडायचं, हे मॅनेजरने कंपनीच्या धोरणाप्रमाणे ठरवायचं आणि ते सगळ्यांना सारखं लागू झालं पाहिजे. ओळखीचा निघाला म्हणून एक न्याय आणि परक्याला दुसरा, असं झालं की पुढच्या प्रकरणात तुमची बाजू लंगडी पडते.

पाचवी पायरी: लिहून काढा, त्याच दिवशी

रिपोर्ट लिहिताना गार्ड लोक एक हमखास घोळ करतात. पाहिलेलं आणि वाटलेलं एका वाक्यात कोंबतात. एक नमुना बघा:

“संशयित इसम चोरीच्या उद्देशाने दुकानात आला व त्याने संशयास्पद हालचाली करून परफ्यूम चोरले.”

यात पाहिलेलं काहीच नाही. उद्देश दिसत नाही. संशयास्पद म्हणजे नेमकं काय, ते कळत नाही. तीच घटना अशी लिहा:

“सायंकाळी ६.१२ वाजता निळा शर्ट घातलेला पुरुष रिकाम्या हाताने परफ्यूमच्या रॅकपाशी आला. मी साधारण पाच मीटरवर होतो. त्याने उजव्या हाताने एक पांढरे खोके उचलले व खांद्यावरील काळ्या बॅगेत ठेवले. ६.१७ वाजता तो काउंटर क्रमांक २ च्या बाजूने, काउंटरवर न थांबता, मुख्य दाराबाहेर गेला. या वेळात तो माझ्या नजरेआड झाला नाही.”

पुढे कोण कोण हजर होतं, काय बोलणं झालं, वस्तू कोणी टेबलावर ठेवली, पोलिस किती वाजता आले. बस. तुमचा राग, तुमचा अंदाज यात येत नाही.

फुटेज त्याच शिफ्टमध्ये काढून घ्या. रेकॉर्डर जुन्यावर नवं चढवत जातो आणि मेमरी किती दिवसांची आहे हे पुष्कळ दुकानांत कुणालाच ठाऊक नसतं. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि बिलिंग मशीनचं घड्याळ यांच्यात फरक असतोच. तो फरक त्याच वेळी मोजून रिपोर्टमध्ये लिहा, म्हणजे नंतर “बिल ६.१५ चं आहे आणि फुटेज ६.१९ चं, हे कसं?” या प्रश्नावर प्रकरण अडकत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग फुटेज घ्या, फक्त हात बॅगेत जातानाचा तुकडा घेऊ नका.

कुंपणच शेत खातं तेव्हा

आता अवघड भाग. बाहेरचा चोर एकदा येतो आणि एक वस्तू नेतो. आतल्याला कॅमेरे कुठे आहेत, मोजणी कधी होते, तुमची जेवणाची वेळ कोणती, सगळं माहीत असतं, आणि तो रोज येतो.

अमेरिकी गुन्हेगारीशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी अफरातफरीसाठी तुरुंगात गेलेल्यांशी बोलून १९५३ मध्ये तीन गोष्टी मांडल्या. कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, संधी, आणि “मी थोडाच चोर आहे, नंतर भरून टाकीन” अशी मनाची समजूत. पहिली आणि तिसरी गोष्ट गार्डच्या हातात नाही. तुमच्या हातात फक्त संधी कमी करणं आहे.

संधी कुठे असते? काउंटरवर आणि मागच्या दाराला. काउंटरवरचे प्रकार ठरलेले आहेत. मित्र रांगेत आला की चार वस्तूंतल्या तीनच स्कॅन होतात, चौथी हाताने बारकोड झाकून पुढे सरकते. गिऱ्हाईक रोख देऊन बिल न घेता गेलं की बिल रद्द होतं आणि रोख खिशात जाते. विक्री नसताना ड्रॉवर उघडला जातो. परत न आलेल्या मालाचा रिफंड निघतो. अनोळखी गिऱ्हाइकांच्या खरेदीचे पॉइंट स्वतःच्या कार्डावर जमा होतात. मागच्या दाराला कचऱ्याची काळी पिशवी, घडी न केलेलं रिकामं खोकं, माल उतरवताना ड्रायव्हर आणि माल घेणारा यांची फारच जुळलेली मैत्री.

इथे तुम्ही माणसाच्या मागे लागायचं नाही, कागदाच्या मागे लागायचं. एक उदाहरण घ्या. रात्री ९.४२ ला रोख रिफंडची नोंद आहे. घड्याळांतला फरक धरून तेवढ्या वेळेचं फुटेज लावलं, तर काउंटरसमोर कुणीच उभं नाही. कॅशियर स्क्रीनवर काहीतरी टाइप करतो, ड्रॉवर उघडतो, बंद करतो. पकडला? अजून नाही. संध्याकाळी परत आलेल्या मालाच्या नोंदी दुकान बंद होताना एकदम टाकायची सुपरवायझरने मुभा दिलेली असू शकते. तेव्हा परत आलेला माल प्रत्यक्ष साठ्यात आला का ते बघा. मूळ बिल कधीचं, रोखीचं की कार्डाचं, ते बघा. रिफंडवर गिऱ्हाइकाचा फोन नंबर असेल तर तोच नंबर आणखी किती रिफंडवर आहे ते ऑफिसला शोधायला सांगा. माल आलेला नाही, मूळ बिलं सगळी रोखीची, समोर कुणी नाही, आणि हे वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा, असं जुळत गेलं की मग प्रकरण उभं राहतं.

आकडे फसवतातही. सगळ्यात जास्त रिफंड ज्याच्या नावावर आहेत, त्याची ड्युटीच रिफंड काउंटरला असते. सगळ्यात जास्त रद्द बिलं नव्या मुलीची निघतात, कारण तिला मशीन अजून नीट येत नाही. एकाच्या लॉगिनवर दुसरा काम करतो, हे तर सर्रास चालतं. पासवर्ड मॉनिटरच्या खाली चिकटवलेला असेल, तर त्या आयडीवरची कुठलीच नोंद एका माणसाच्या गळ्यात घालता येत नाही. त्यामुळे तपास सुरू करायच्या आधी लॉगिनची शिस्त लावून घ्या. ती लागली की निम्मे प्रकार आपोआप थांबतात, असं मला तरी दिसत आलं आहे.

संशय आला तर सांगायचं एकाच माणसाला, तुमच्या लॉस प्रिव्हेन्शनच्या, म्हणजे तूट रोखणाऱ्या विभागाच्या, किंवा सिक्युरिटीच्या वरिष्ठाला. संशय त्याच्यावरच असेल तर त्याच्या वरच्याला. कॅन्टीनमध्ये नाही, जोडीदाराशी नाही. बातमी फुटली तर दोषी सावध होतो, आणि निर्दोष असला तर त्याचं त्या दुकानातलं जिणं मुश्कील होतं. गल्ल्याजवळ मुद्दाम नोट टाकून बघणं वगैरे प्रयोग स्वतःच्या डोक्याने करू नका. चाचणी खरेदी करायची असेल तर ती व्यवस्थापन ठरवून करतं, लेखी नोंदीसह.

विचारपूस हेही तुमचं काम नाही. ती मनुष्यबळ विभाग आणि वरिष्ठ करतात. तुम्हाला साक्षीदार म्हणून बसवलं तर दाराकडे जायची वाट मोकळी ठेवून बसा आणि तोंड बंद ठेवा. “कबूल कर, नाहीतर पोलीस” असं म्हणून लिहून घेतलेला कबुलीजबाब पुढे चौकशीत किंवा कोर्टात तुमच्यावरच उलटतो.

गेटवरची बॅग तपासणी सगळ्यांची एकसारखी करा. मॅनेजर, हाउसकीपिंग, माल आणणारे, आणि स्वतः तुम्ही. मॅनेजरची बॅग बघायला संकोच वाटतो, पण एकदा सोडलीत की सेल्समनला बॅग उघडायला सांगण्याचा तुमचा हक्क संपतो. कर्मचाऱ्याने स्वतःसाठी खरेदी केली तर बिल दुसऱ्याने करावं आणि पिशवी बिलासह गेटवर सीलबंद राहावी.

आणि तुमच्यापर्यंतही लोक येतील. सुरुवात छोटी असते. डिस्काउंटवर घेतलेली एखादी वस्तू तुमच्या हातात दिली जाते, अडचणीत उसने पैसे मिळतात. मग एके दिवशी “आज जरा घाई आहे, बॅग राहू दे” असं ऐकू येतं. आतल्या मोठ्या चोऱ्या गार्डला वगळून सहसा होत नाहीत. तेव्हा भेटवस्तू स्वीकारू नका आणि कुणी देऊ केली तर त्याच दिवशी लिहून कळवा.

कर्मचारी दोषी ठरला आणि काढला गेला, तर त्याच दिवशी, तो दाराबाहेर पडायच्या आत, चाव्या परत घ्या. बिलिंगचा आयडी बंद झाला का ते स्वतः मशीनवर लॉगिन करायला लावून बघा, “आयटीला कळवलंय” एवढ्यावर थांबू नका. अलार्मचा कोड बदला. गोडाऊनच्या पॅडलॉकची एखादी चावी रजिस्टरमध्ये न नोंदवता वर्षभर कुणाच्या तरी खिशात फिरत असते, तिचाही शोध घ्या आणि सापडत नसेल तर कुलूपच बदला.